अंधारासकट कार्ला!

लोणावळ्याचा वीकेंड म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगायला नको. एक्स्प्रेस वेवर गाड्यांची रांग, टायगर पॉइंटला कणीस आणि भजी, येताना चिक्कीचे दोन बॉक्स आणि फोनमध्ये तीनशे फोटो. त्यातले दोनशे नव्वद अगदी एकसारखे! पण मंडळी, लोणावळ्याहून पुण्याकडे निघालात की थोड्याच अंतरावर डोंगरात एक अशी जागा आहे, जिथे तुमचा लाखभर रुपयांचा फोनसुद्धा गडबडतो. कार्ल्याचं चैत्यगृह.

या हॉलच्या मधोमध उभं राहून दाराकडे कॅमेरा रोखा. वरचं मोठं गवाक्ष नीट आलं, तर आतले सगळे खांब काळेकुट्ट. खांब नीट आले, तर गवाक्षाच्या जागी नुसता पांढरा फटका. आणि एवढ्यावर भागत नाही. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि तितकाच उंच असा हा हॉल एका फ्रेममध्ये मावत नाही तो नाहीच. म्हणजे प्रॉब्लेम दोन. उजेडाचा आणि आकाराचा. पहिल्यावर उत्तर एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. दुसऱ्यावर पॅनोरमा. दोन्ही एकत्र करायचे असतील, तर मात्र थोडा होमवर्क हवा. आणि त्याहून जास्त हवा तो पेशन्स.

आधी गणित, मग गंमत

घाबरू नका, गणित सोपं आहे. फोटोग्राफीत उजेड ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. बाहेर उन्हात न्हालेला कातळ टिपायला आयएसओ १०० आणि एफ/८ वर साधारण १/५०० सेकंद पुरतो. आत, खांबांच्या मागच्या बोळात, त्याच सेटिंगला चार सेकंद सहज लागतात. हा फरक झाला ११ स्टॉपचा. म्हणजे दोन हजार पटींहून जास्त! आणि या दोन टोकांच्या अलीकडे-पलीकडे त्याहून उजळ आणि त्याहून काळोखी जागा आहेतच.

कॅमेऱ्याचा सेन्सर हे सगळं एका क्लिकमध्ये पकडू शकत नाही. म्हणून एकाच फ्रेमचे कमी-जास्त उजेडाचे तीन किंवा पाच फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला चांगला भाग वापरायचा, ही एचडीआरची आयडिया. ती आजची नाही बरं का! १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी, अशा दोन जोडून एक प्रिंट काढायचा. डिजिटल जमान्यात हे काम गणिताच्या पायावर उभं केलं ते पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांच्या १९९७ च्या शोधनिबंधाने. यातले मलिक आयआयटी कानपूरचे. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरचं बटण आलं आणि मग सगळ्यांच्याच खिशात ही जादू आली.

मग फोननेच का नाही काढायचा? काढा की! पण फोनचा पॅनोरमा मोड फिरता फिरता घाईघाईत चित्र शिवतो. दोन हजार पटींचा फरक आणि जवळ-जवळ उभे खांब एकत्र आले की त्याची शिवण उसवते. फोनच वापरायचा असेल, तर प्रो मोडमध्ये जा, रॉ फाइल घ्या आणि खाली सांगितलेला सगळा कार्यक्रम हाताने करा.

वॉर्म-अप : भाजे

सकाळी थेट कार्ल्याला भिडू नका. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. स्टेशनच्या एका अंगाला कार्ला, दुसऱ्या अंगाला भाजे. आधी भाज्याला चला. रस्ता गावातून जातो, पुढे पायऱ्या.

इथलं चैत्यगृह कार्ल्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. त्याची दर्शनी बाजू लाकडी होती, ती काळाच्या ओघात गेली. त्यामुळे आज ती भलीमोठी कमान सताड उघडी आहे आणि उजेड आडकाठीशिवाय आत येतो. लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी डोंगराची सावली असते. उजेड मऊ, फरक कमी. नवशिक्यांसाठी एकदम परफेक्ट नेट प्रॅक्टिस!

पण भाज्यात एक गुगली आहे. इथले साधे अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब तिरके रोवत, तीच पद्धत कारागिरांनी दगडात उतरवली. आता तुम्ही घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘अपराइट’चं बटण दाबलंत, की ते बिचारं प्रामाणिकपणे सगळे खांब ताठ उभे करणार. दोन हजार वर्षांचा कल एका क्लिकमध्ये गायब! तेव्हा इथे लेव्हल साधायची ती कॅमेऱ्यातल्या क्षितिजरेषेने, खांबांकडे बघून नाही.

मेन इव्हेंट : कार्ला

दुपारी जेवण उरकून कार्ल्याकडे सरका. पायथ्यापासून वरपर्यंत हार, खण-नारळ, पेढे, लिंबू-सरबत, काकडीच्या फोडी. कारण लेण्यांच्या अगदी दाराशी एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी बांधवांची आणि इतरही कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता. म्हणजे तुम्ही एका वेळी दोन ठिकाणी आलेले असता. चैत्यासमोर डाव्या हाताला सिंहांचा स्तंभ दिसेल. त्याचा उजवीकडचा जोडीदार आज नाही, तिथे देऊळ आहे.

ओसरीत शिरलात की भिंतींच्या तळाशी हत्ती दिसतात, जणू अख्खी इमारत त्यांनीच पाठीवर तोललीय. आत दोन्ही बाजूंना १५-१५ नक्षीदार खांब, वर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावरचे स्वार. टोकाला स्तूप आणि त्यावर लाकडी छत्र. वर बघा. छताला ज्या फासळ्या दिसतात, त्या दगडाच्या नाहीत. खऱ्या सागवानी, मूळच्या. दोन हजार वर्षं टिकलेलं लाकूड डोक्यावर असणं ही फीलिंगच वेगळी!

दाराजवळच्या एका शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह पूर्ण केल्याचं म्हटलंय. खांबांवर दात्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनसुद्धा आहेत. थोडक्यात काय, क्राउडफंडिंग हा काही आपल्या पिढीचा शोध नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या हॉलमध्ये उजेड कुठून येतो? मुख्यतः वरच्या त्या एका गवाक्षातून. तो तिरपा उतरतो आणि मधल्या जागेवरून स्तूपाकडे जातो. खांबांच्या मागचे दोन्ही बोळ अंधारात राहतात. जेम्स फर्ग्युसन हा एकोणिसाव्या शतकातला वास्तुइतिहासकार या चैत्यांच्या उजेडावर फिदा होता. एकाच खिडकीतून येणारा प्रकाश नेमका पूजेच्या वस्तूवर पडावा आणि बाकी सगळं मागे राहावं, ही योजना त्याला फार मोठी वाटली होती. म्हणजे फोटोग्राफर ज्याला ‘वाईट लाइट’ म्हणून नावं ठेवतो, तो इथे ठरवून केलेला लाइट आहे. हे डोक्यात पक्कं ठेवा, एडिटिंगच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

साठ क्लिक, एक फोटो

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ती नसेल तर हातानेच काढायचं. जमतं, फक्त थोडे फंडे क्लिअर हवेत.

कॅमेरा उभा धरा. २४ मिलिमीटरच्या आसपासची वाइड लेन्स असेल, तर घड्याळाचे बारा आकडे डोळ्यांसमोर आणा. स्तूप १२ वर, गवाक्ष ६ वर. प्रत्येक आकड्याला थांबायचं, पाच फोटो, मग पुढचा आकडा. शेजारच्या दोन फ्रेममध्ये साधारण ४० टक्के भाग सामाईक येतो, तो शिवणीला लागतो. बारा पंचे साठ. छताचा माथाही हवा असेल, तर कॅमेरा वर करून आणखी एक फेरी.

एक्स्पोजर मॅन्युअल. एफ/४, आयएसओ १६०० ठेवलंत, तर बोळासाठी लागणारे ते चार सेकंद १/१५ वर येतात. इमेज स्टॅबिलायझेशन चालू ठेवलं, कोपर पोटाशी घट्ट धरले, श्वास सोडून क्लिक केलं, की हातानेही शार्प येतं. तिथून दोन-दोन स्टॉपने वर चढायचं. १/१५, १/६०, १/२५०, १/१०००, १/४०००. कॅमेऱ्यातलं ऑटो ब्रॅकेटिंग हे पाचही एका दमात काढतं. मात्र बाराही ठिकाणी हाच सेट हवा. ‘इथे तर अंधारच आहे’ म्हणून मध्येच बदललात, की पुढे पट्टे दिसतात.

फोकस एकदा करून लॉक. व्हाइट बॅलन्सही लॉक. बाहेरचं ऊन पिवळसर, सावलीतला उजेड निळसर. ऑटोवर सोडलंत तर प्रत्येक फ्रेमचा दगड वेगळ्या रंगाचा येईल, जणू बारा वेगवेगळी लेणी!

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेऱ्याला घेऊन तुम्ही फिरू नका, कॅमेऱ्याभोवती तुम्ही फिरा. एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीवर बोट इकडून तिकडे उडी मारतं ना? तेच इथे खांबांचं होतं. कॅमेरा एक वीतभर सरकला, की पुढचा खांब मागच्या खांबावरून सरकतो आणि जोडताना एका हत्तीला दोन सोंडा फुटतात. यावरचा जुगाड पाच रुपयांचा आहे. लेन्सच्या पुढच्या टोकाला एक दोरा बांधा, खाली एक नट लटकवा आणि जमिनीवर एक नाणं ठेवा. प्रत्येक क्लिकला नट नाण्याच्या वर आहे ना, एवढंच बघायचं. बस्स! लाखाचं पॅनोरमा हेड विसरून जा.

आणि माणसं? ती येणारच. जागा त्यांची आहे, आपण पाहुणे. नवस फेडायला आलेलं कुटुंब आत फेरी मारत असेल, तर ‘जरा बाजूला व्हा’ म्हणायचं नाही. त्यांची फेरी होऊ द्या. एखादा माणूस पाचपैकी दोन फ्रेममध्ये आलाच, तर सॉफ्टवेअरमध्ये भूत काढायची सोय असते. डीघोस्टिंग म्हणतात त्याला. पण रविवारी दुपारी अख्खी जत्रा भूत म्हणून पुसायची अपेक्षा ठेवू नका!

लॅपटॉपसमोर

लाइटरूम क्लासिकमध्ये २०१८ पासून एचडीआर आणि पॅनोरमा एकाच फटक्यात जोडता येतात. पीटीगुई हे खास पॅनोरमाचं काम करतं. पैसे टाकायचे नसतील तर हगिन फुकट आहे आणि झकास आहे. सिलिंड्रिकल पद्धतीने उलगडलंत तर खांब सरळ राहतात, आडव्या रेषा मात्र वाकतात. १२ ते ६ पर्यंतचा अर्धाच भाग ठेवलात, म्हणजे एका टोकाला गवाक्ष आणि दुसऱ्या टोकाला स्तूप, तर ३६० अंशांपेक्षा तो जास्त छान दिसतो.

इथवर सगळं मशीनचं काम. खरी परीक्षा यापुढे. कारण आता तुमच्याकडे दोन हजार पटींचा उजेड आहे आणि चांगल्या कागदावर पांढऱ्या-काळ्यातला फरक मावतो फार तर एकदोनशे पट. म्हणजे दाबून बसवावं लागणार. याला टोन मॅपिंग म्हणतात. आणि गाडी घसरते ती नेमकी इथे. शॅडोचा स्लायडर दिसला की तो शेवटपर्यंत ओढायचा मोह होतो. ओढला की बोळ उजळतात, कातळ प्लास्टिकसारखा चकाकतो, खांबांभोवती पांढरी प्रभावळ येते आणि सागवानी फासळ्या कालच बसवल्यासारख्या दिसतात. २००६-०७ च्या आसपास असल्या एचडीआरची नुसती लाट आली होती, आठवतंय? आकाश जांभळं आणि ढग रागावलेले!

मी यंदाच्या शूटनंतर एकाच पॅनोरमाच्या दोन प्रिंट काढल्या. एक पूर्ण उजळलेली, दुसरी बोळ काळे ठेवलेली. दोन्ही मावशीकडे नेल्या. एकवीरा ही तिच्या सासरची देवी. लग्नानंतर तीसेक वर्षं ती दरवर्षी चढून गेली, आता गुडघे पायऱ्यांना नाही म्हणतात. मला वाटलं होतं, ती उजळ प्रिंट उचलेल. चष्मा पुसून तिने दोन्ही बघितल्या आणि उजळ प्रिंट बाजूला सारली.

‘‘अगं, ह्यात सगळं एकदम दिसतंय. तिथे असं नाही दिसत,’’ ती म्हणाली. ‘‘उन्हातून आत गेलं की आधी काही म्हणजे काहीच दिसायचं नाही. तुझे काका हात धरून उभे राहायचे. मग हळूहळू हत्ती दिसायला लागायचे.’’ आणि दुसऱ्या प्रिंटमधल्या काळ्या बोळावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘इथे. इथे उभे राहायचो आम्ही.’’

काका जाऊन आता चार वर्षं झाली. ती प्रिंट तिच्या देवघराशेजारी आहे.

मावशीने जे सांगितलं, ते शास्त्रही सांगतं. उन्हातून काळोखात गेल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आधी खिडकी दिसते, मग स्तूप, मग खांब आणि सगळ्यात शेवटी बोळ. फोटोत वेळ नसतो, पण हा क्रम ठेवता येतो. तेव्हा एडिटिंगचा माझा नियम एकच आहे. सगळ्यात उजळ गवाक्ष, मग स्तूप, मग मधली जमीन, मग खांब, शेवटी बोळ. ही रांग मोडायची नाही. गवाक्षाबाहेरचं आकाश निळंशार दिसलंच पाहिजे असं नाही, जरा पांढरट राहू द्या. बोळात दगडाचा पोत जेमतेम जाणवला तरी पुष्कळ. काही जागा तर चक्क काळ्या सोडा. सॅच्युरेशनला हात लावू नका, या कातळाला मुळात फार रंग नाही. आणि झालं असं वाटलं की लॅपटॉप बंद करून झोपा. सकाळी उठून शॅडोचा स्लायडर आणखी थोडा मागे घ्या.

एचडीआरने कार्ल्याचा अंधार काढायचा नसतो. तो कागदावर मावेल एवढा करायचा असतो.

प्लॅन करताय?

कधी : शक्यतो ऑफिसला दांडी मारून, मधल्या वारी. रविवार, देवीचे वार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा या काळात दर्शनाला जरूर जा, पॅनोरमाला नको. पावसाळ्यात ढगांमुळे फरक कमी होतो, त्यामुळे काम सोपं. पण लेन्स पुसायला दोन कोरडे रुमाल हवेत.

कसं : पुणे-लोणावळा लोकलने मळवली. मुंबईकरांनी लोणावळ्याला गाडी बदलायची. भाज्याला चालत, कार्ल्याला रिक्षाने.

सोबत : कॅमेरा किंवा रॉ काढणारा फोन, वाइड लेन्स, जादा बॅटरी, मोठं मेमरी कार्ड, दोरा, नट आणि एक नाणं. साठ रॉ फाइल्स म्हणजे एक-दोन जीबी सहज.

काय नको : फ्लॅश. खांबाला टेकणं. कोरीव कामावर कॅमेरा ठेवणं.

जोडून : भाज्यावरून लोहगडाची वाट जाते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी हा एक. पण तो दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन चैत्य बास झाले.

आणि हो, कार्ल्यात शिरल्या शिरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. बॅग खांद्यावरच राहू द्या, बोळात जाऊन दहा मिनिटं नुसते उभे राहा. हत्ती दिसायला लागले, की मग काढा.